ओट्यावर ओटा



स्वयंपाकघराचा ओटा जुना झाला असता तो फोडून नवा करावा, की आहे त्यावरच नवा दगड बसवून घ्यावा, असा प्रश्न या सदराच्या वाचकांकडून वरचेवर येतो. विचारणारे बहुधा तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतींत राहणारे असतात. कडप्पा पांढरट पडलेला, सांधे काळे झालेले, सिंकच्या कडेला एखादी चीर गेलेली. गवंडी येऊन पाहतो आणि म्हणतो, "फोडायची गरजच नाही, शेठ. वरून बसवून देतो, दोन दिवसांचं काम." शेठजींना दोन दिवस हा शब्द आवडतो आणि व्यवहार तेथेच ठरून जातो. तो बरोबर असू शकतो. परंतु ज्या गोष्टी पाहून तो ठरवावयास हवा, त्या ओट्याच्या वर नसून ओट्याखाली असतात, आणि ट्रॉल्या बाहेर काढून तेथे वाकून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

प्रथम रचना समजून घेऊ. आपल्याकडील ओटा म्हणजे कडप्प्याचे उभे आधार, त्यांवर टाकलेली कडप्प्याची आडवी लादी, आणि नंतरच्या काळात तिच्यावर सिमेंटने बसविलेला ग्रॅनाइट. म्हणजे ग्रॅनाइटचा ओटा हे अनेक घरांत मुळातच एक आच्छादन असते. तेव्हा ओट्यावर ओटा ही काही नवी युक्ती नव्हे, आणि तीत कमीपणा मानण्याचेही कारण नाही. वरचा थर झिजला पण खालचा मजबूत आहे, अशा ठिकाणी खालचा थर फोडून टाकणे ही सरळसरळ उधळपट्टी होय.

बँकेत एक प्रकार असे. कर्जदार थकला की त्याला नवे कर्ज मंजूर करावयाचे, त्यातून जुन्याचे हप्ते वळते करून घ्यावयाचे आणि खाते कागदोपत्री नियमित दाखवावयाचे. 'एव्हरग्रीनिंग' हे त्याचे नाव. रिझर्व्ह बँकेस ते अमान्य आहे आणि व्यापारात आयुष्य घालविलेल्या आपणांस ते का अमान्य असावे हे सांगावयास नको. गळक्या ओट्यावर चकचकीत दगड बसविणे हा त्यातलाच प्रकार आहे. पाणी झिरपावयाचे थांबत नाही. ते फक्त दिसेनासे होते, आणि कालांतराने खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छतावर उमटते. मग नवा दगडही फोडावा लागतो आणि शेजाऱ्याचे रंगकामही आपल्याच खर्चाने करावे लागते.

यासाठी तपासणी आधी करावी, दगडाचे नमुने नंतर पाहावेत. ट्रॉल्या काढून, विजेरी घेऊन खालची बाजू पाहावी. कडप्प्यावर पांढरा लोणा फुटला आहे काय, सिंकलगतचे प्लाय फुगले आहे काय, उभ्या आधारांच्या सांध्यांतील सिमेंट सुटले आहे काय, हे डोळ्यांना दिसते. नंतर वरून नाण्याने ठिकठिकाणी वाजवून पाहावे. भरीव आवाज आला तर थर चिकटलेला आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर तेथे दगड सुटलेला आहे. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडावे आणि रात्रभर खाली कोरडा कागद अंथरून ठेवावा. सकाळी कागद कोरडा असेल तर निम्मी चिंता मिटली. चिरेविषयी मात्र विशेष दक्षता हवी. चीर केवळ वरच्या ग्रॅनाइटमध्ये असेल तर ती भरून पुढे जाता येते. ती खालच्या लादीतही उतरली असेल, तर आधार खचत आहे असे समजावे. आधार खचत राहिला तर तीच चीर नव्या दगडातूनही वर येते, आणि दगड जितका पातळ तितकी लवकर येते. असा ओटा फोडावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि तिच्याकडे पुरुष मंडळींचे हमखास दुर्लक्ष होते. ग्रॅनाइटची जाडी १६ ते २० मिलिमीटर. चिकटद्रव्य धरून ओटा सुमारे एक इंच वर येतो. एक इंच ऐकावयास क्षुल्लक वाटतो. उभ्याने करावयाच्या हलक्या कामासाठी पृष्ठभाग कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा, असे मानले जाते. ज्या सासूबाईंचे कोपर आधीच ओट्याच्या जेमतेम वर आहे, त्यांना तो वाढलेला इंच प्रत्येक पोळी लाटताना खांदा उचलावयास लावतो, आणि शेगडीची उंची त्यावर आणखी पडते. उलट घरात उंच सून आली असेल तर तोच इंच तिच्या कमरेस वरदान ठरतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी, ज्या ओट्यावर उभ्या राहतात त्यांच्या कोपराची उंची मोजावी. हे सारे दगडाच्या रंगावर वादविवाद करण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. भिंतीतील नळाचेही पाहावे. ओटा आणि सिंक वर आले की नळाखालील अंतर तेवढेच घटते, आणि मग मोठे पातेले नळाखाली जात नाही.

आता साहित्य. ग्रॅनाइटचे २० मिलिमीटर जाडीचे वजन चौरस फुटास सुमारे ५ किलो पडते. दहा फूट लांब व दोन फूट रुंद ओट्यावर म्हणजे जवळजवळ १०० किलोंचा नवा भार येतो. खालचे आधार सुस्थितीत असतील तर तो सहज पेलला जातो. शंका असेल तर पातळ पर्याय पाहावा. मोरबीसारख्या ठिकाणी आता मोठ्या आकाराचे पोर्सेलीन स्लॅब तयार होतात. त्यांतील ६ मिलिमीटरच्या स्लॅबचे वजन चौरस फुटास दीड किलोहूनही कमी असते, आणि उंची फारशी वाढत नाही. पण तो पूर्णपणे भरीव बसला पाहिजे. खाली थोडी जरी पोकळी राहिली आणि वर बत्ता निसटून पडला, तरी तो तडकतो. शिवाय त्याची नक्षी बहुधा पृष्ठभागापुरतीच असते, त्यामुळे पुढची कड ४५ अंशांत कापून जोडावी लागते. त्या कामासाठी सराईत कारागीर हवा. मोहल्ल्यातील नेहमीचा गवंडी उत्तम असला तरी या कामात तो नवखा असू शकतो, हे त्याला न दुखविता विचारून घ्यावे.

संगमरवराचा मोह अनेकांना होतो. देलवाड्यातील विमलवसही १०३१ पासून उभी आहे, मग आपल्या ओट्याला काय होणार, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. मंदिरात संगमरवरावर कोणी लिंबू पिळत नाही. संगमरवर आणि आपला कडप्पा दोन्ही मूलतः कॅल्शियम कार्बोनेटचे. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर यांतील आम्ल त्यांना खाते. कडप्प्यावरील ते पांढरे डाग घासून जात नाहीत, कारण ते डाग नसून खाल्ला गेलेला दगड असतो. ग्रॅनाइटला या घरगुती आम्लांचे भय जवळजवळ नाही.

कृत्रिम क्वार्ट्‌झ दिसावयास सुरेख असतो. पण त्यातील दगडाचा चुरा राळेने बांधलेला असल्यामुळे तापलेला तवा थेट ठेवल्यास तो करपतो. त्याची आणखी एक बाजू आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी. हा दगड कोरडा कापताना उडणारी सूक्ष्म सिलिकाची धूळ फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस हा असाध्य विकार होतो. कारागिरांना होणाऱ्या या विकारामुळेच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, प्रमाण कमी. म्हणून दगड कोणताही घ्यावा, पण पाणी सोडून कापण्याची अट घालावी, आणि घरातच कापणे अटळ असेल तर कारागिराला चांगला मुखपट द्यावा. रुमाल बांधून काही होत नाही.

चिकटवावयाच्या छापील प्लॅस्टिक पत्र्यांविषयी एकच वाक्य पुरे: भाड्याच्या घरात वर्षभराची सोय म्हणून, शेगडीपासून दूर, हरकत नाही.

आच्छादन सुटते ते बहुतेक वेळा चिकटवण्यातील हयगयीमुळे. वर्षानुवर्षे तेल प्यालेल्या गुळगुळीत ग्रॅनाइटवर नुसता सिमेंटचा घोल पकड घेत नाही. आधी सोड्याने तेलकटपणा काढावा, पृष्ठभागाला टाचे मारून तो खरबरीत करावा आणि पूर्ण वाळू द्यावा. त्यानंतर दगडावर दगड बसविण्यास योग्य असे पॉलिमरयुक्त चिकटद्रव्य किंवा इपॉक्सी वापरावे. पिशवीवर आय.एस. १५४७७ हे भारतीय मानक आणि त्यातील प्रकार छापलेला असतो. तो वाचून मगच पिशवी फोडू द्यावी. जुन्या ओट्याचा सिंककडील उतार नव्यातही राखला गेला पाहिजे. भिंतीच्या सांध्यात सिमेंट न भरता बुरशीरोधक सिलिकॉन भरावे, कारण तो सांधा किंचित हलतो. गॅसच्या पाइपास गवंड्याने हात लावू नये. पाइपलाइनचा गॅस असेल तर कंपनीचा माणूस बोलवावा.

आपल्या घरांची एक निराळी अडचण आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या कुटुंबात स्वयंपाकाच्या वेळा आणि गवंड्याच्या कामाच्या वेळा नेमक्या एकच असतात. उकळलेल्या पाण्याचा नियम असेल तर तेही रोजच्या रोज हवे. म्हणून "दोन दिवस" या शब्दावर विसंबू नये. सिंक काढणे, घासणे, वाळणे, बसविणे, चिकटद्रव्य पक्के होणे, सिंक पुन्हा जोडणे यांस पाच-सहा दिवस धरावेत आणि तेवढ्यापुरती शेगडी दुसऱ्या खोलीत किंवा सज्जालगत हवेशीर जागी मांडावी. चातुर्मासात हे काम काढू नये. दमट हवेत काही नीट वाळत नाही, आणि जुन्या सांध्यांत त्या दिवसांत मुंग्या व बारीक जीव अधिक असतात. काम काढण्याआधी आठवडाभर सांधे कोरडे व खरकट्यावाचून ठेवले, तर मुंग्या आपण होऊन निघून जातात. मग पुंजणी फिरवून ते बंद करावेत. जेथे पुंजणी पोहोचत नाही अशी फट नव्या कामात राहता कामा नये, एवढे कारागिराला बजावावे.

शेवटी दरपत्रक. दोघांकडून घ्यावे आणि बाबी वेगळ्या लिहून मागाव्यात: दगड चौरस फुटाने, कडेची गोलाई रनिंग फुटाने, सिंक व शेगडीची कापणी नगावर, चिकटद्रव्य, नळकाम, राडारोडा. एकगठ्ठा आकडा दिला की तुलना करता येत नाही. तोच तक्ता फोडून नवा करण्यासाठीही मांडावा. दगडाचा खर्च दोन्हीकडे साधारण सारखाच येतो. फरक पडतो तो नवी लादी, राडारोडा, ट्रॉल्या काढून बसविणे आणि भिंतीच्या फुटलेल्या टाइल्स यांत. हा फरक पाहून, आणि खालच्या तपासणीचा निकाल समोर ठेवून, निर्णय करावा. रक्कम एकदम न देता काही भाग सिंकची पाण्याची चाचणी पुन्हा होईपर्यंत हाती ठेवावा, आणि हे काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे. नंतर सांगितले तर ते अडवणूक वाटते. बिल पक्के घ्यावे.

आणि सिंकच्या जागेतून निघालेला दगडाचा तुकडा आपल्या पैशाचा असतो. तो मागून घ्यावा, कडा घासून घ्याव्यात. गरम पातेले ठेवावयास तो फार उपयोगी पडतो.