इस्पितळातील संशोधन आणि आपला होकार

आपल्या पंचक्रोशीतून आजारी माणसाला बेळगावच्या, मिरजेच्या किंवा गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यावे लागते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. ही इस्पितळे वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली असतात. तेथे रोग्यांवर उपचार होतात आणि डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकतात. पण तेथे तिसरेही एक काम चालते आणि त्याविषयी आपल्या घरांतून क्वचितच बोलले जाते. ते काम म्हणजे संशोधन. खाटेवर पडलेल्या रोग्यापुढे किंवा दिवस गेलेल्या बाईपुढे एक दिवस कागद येतो. "येथे एका औषधाचा अभ्यास चालू आहे, तुम्ही त्यात भाग घ्याल का?" असे विचारले जाते.

अशा वेळी आपली माणसे तीन प्रकारे वागतात. काहीजण "आमच्यावर प्रयोग करतात" म्हणून घाबरतात आणि उपचारच सोडून घरी येतात. पुष्कळजण कागद न वाचता अंगठा उठवतात, कारण ज्या डॉक्टरने खाट दिली त्याला नाही कसे म्हणायचे? आणि काहीजण निरोप पाठवतात, "फादर, तुम्ही सांगाल तसं करतो." माझे मत असे आहे की या तिन्ही वाटा बरोबर नाहीत. संशोधनात भाग घेणे हे चांगले काम असू शकते, पण ते समजून, विचारून आणि स्वतःच्या मनाने केले पाहिजे. तसे का म्हणतो ते सविस्तर सांगतो.

शेतातून आलेली रीत

नवे खत बाजारात आले की जाणता शेतकरी ते सगळ्या शेतात एकदम टाकत नाही. एका वाफ्यात टाकतो, शेजारचा वाफा तसाच ठेवतो आणि सुगीला दोन्हींचे माप घेतो. पण त्यातही फसगत होऊ शकते. विहिरीजवळच्या वाफ्याला पाणी अधिक मिळते, बांधाकडच्या वाफ्यावर झाडाची सावली पडते. खत नेमके चांगल्या वाफ्यात पडले तर पीक खताने वाढले की जमिनीने, हे कळणार कसे?

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे १८४३ पासून शेतीसंशोधनाचे केंद्र आहे. तेथे १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचे गणिती कामाला लागले. त्यांनी यावर काढलेला तोडगा साधा होता. कोणत्या वाफ्यात काय पडावे हे माणसाने ठरवू नये, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ते दैवावर सोडावे, आणि असे पुष्कळ वाफे घ्यावेत. म्हणजे चांगली आणि वाईट जमीन दोन्हीकडे सारखी वाटली जाते आणि उरतो तो फरक खताचाच. (यहूदाच्या जागी मत्थियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली होती, हे वाचकांना आठवेल.)

शेतातली हीच रीत पुढे इस्पितळात आली. १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसीन या क्षयरोगावरील औषधाची चाचणी प्रसिद्ध केली. १०७ रोगी होते. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नुसती विश्रांती, हे आधीच नशिबावर सोपवून ठरवले होते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, तर नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. औषध गुणकारी आहे याविषयी त्यानंतर वाद उरला नाही.

आपल्या देशातही असे मोठे काम झाले आहे. क्षयरोग्याला घरादारापासून तोडून सॅनेटोरियममध्ये महिनोन् महिने ठेवण्याचे दिवस आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. १९५६ साली मद्रासला क्षयरोग उपचार केंद्र सुरू झाले. तेथे १९३ गरीब रोगी घेऊन काहींना सॅनेटोरियममध्ये आणि बाकीच्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच तीच औषधे वर्षभर दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरी राहून औषध घेणारेही जवळजवळ तेवढेच बरे झाले होते आणि त्यांच्या घरच्यांना रोगाची लागण अधिक झालेली नव्हती. आज क्षयाचा रोगी मुलाबाळांत राहून, आपले काम करत बरा होतो. मद्रासच्या त्या गरीब माणसांचे हे आपल्यावर ऋण आहे.

आपल्याच जिल्ह्यातील १,६२० बाया

आता घराजवळचे सांगतो. बाळंतपणानंतर न थांबणाऱ्या रक्तस्रावाने किती घरांतील आया गेल्या, हे आपल्या दफनभूमीतील जुने क्रूस सांगतील. त्यावरचे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते आणि ते टोचायला शिकलेले माणूस लागते. खेड्यात दोन्हींची वानवा. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी मात्र साध्या हवेत टिकते आणि तोंडाने घेता येते. ती उपयोगी पडेल का? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत याचा शोध घेतला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० बायांनी त्यात भाग घेतला. नर्सबाई गोळ्या देत आणि रक्त किती गेले ते खुणा केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मोजत. २००६ साली आलेला निकाल असा: औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत शंभरी बारा जणींना अतिरक्तस्राव झाला, खरी गोळी मिळालेल्यांत सहाहून थोड्या अधिक जणींना. म्हणजे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

भात लावणाऱ्या, जोंधळा काढणाऱ्या बायांनी दिलेली ही साक्ष आज दूरदूरच्या देशांतील आयांच्या उपयोगी पडते. म्हणून "प्रयोग" हा शब्द ऐकताच पळून जाणे मला पटत नाही.

पण कोणी विचारील, निम्म्या बायांना औषध नसलेली गोळी दिली हा अन्याय नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, गोळी गुणकारी आहे हे आधीच सिद्ध झाले असते तर तो अन्यायच ठरला असता. तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्या घरांतून दुसरे औषध मिळतही नव्हते. जाणूनबुजून चांगले औषध रोखून धरणे ही मात्र निराळी गोष्ट आहे.

काळी बाजू

अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे हेच घडले. १९३२ साली तेथील सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळ्या पुरुषांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील ३९९ जणांना उपदंश झाला होता. बहुतेक सारे दुसऱ्याच्या जमिनी वाट्याने कसणारे गरीब शेतकरी. आपल्याला काय झाले आहे हे त्यांना सांगितले नाही. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलीन हाती आले, तरी ते त्यांना दिले नाही. फुकट तपासणी, तपासणीच्या दिवशी गरम जेवण आणि मेल्यावर दफनाचा खर्च एवढ्यावर त्यांना धरून ठेवले. १९७२ साली वर्तमानपत्रांनी बभ्रा केला तेव्हा हे थांबले. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली.

आपल्याकडेही डोळे मिटून चालणार नाही. इंदूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या इस्पितळात झालेल्या औषधचाचण्यांविषयी २०१० च्या सुमारास तक्रारी झाल्या. आपण चाचणीत आहोत हे रोग्यांना नीट सांगितले नव्हते, असा आरोप होता. २०१२ साली स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०१३ साली नियम कडक झाले आणि २०१९ साली औषधचाचण्यांचे नवे नियम देशभर लागू झाले.

या गोष्टींतून एक धडा घ्यायचा. टस्कीगीच्या शेतकऱ्यांना बेड्या घातलेल्या नव्हत्या. त्यांना उपकाराने बांधले होते. आपल्या माणसालाही फुकट खाट, फुकट तपासणी मिळाली की तो मिंधा होतो. डॉक्टरांविषयी कृतज्ञता असावीच, पण कृतज्ञता म्हणजे संमती नव्हे.

होकार कोणाचा?

ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे. १९५२ साली पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढे भाषण करताना सांगितले की विज्ञानाचे किंवा समाजाचे हित पुढे करून माणसाच्या शरीरावर वाटेल ते करता येत नाही. रोगी देईल तेवढाच अधिकार डॉक्टरला असतो. कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथही समजून दिलेल्या संमतीचा आग्रह धरतो.

मग आपल्या घरांत काय चालते ते पाहा. बाई गरोदर, औषध तिच्या पोटात जायचे, आणि सही कोण ठरवतो? नवरा, सासरा किंवा सासूबाई. तिला विचारलेच तर ती म्हणते, "मामंजी म्हणतील तसं." बंधूंनो, नाझरेथच्या घरी देवदूत आला तेव्हा त्याने योसेफाला आधी विचारले नाही, मरियेच्या आईवडिलांनाही विचारले नाही. ज्या मुलीच्या उदरी प्रभू येणार होता तिलाच त्याने सांगितले. तिने प्रश्न विचारला, त्याचे उत्तर दिले, आणि तिच्या होकारानंतरच तो निघून गेला. देवाने जिचा होकार घेतला, तिच्यासारख्याच आपल्या लेकीसुनांचा होकार आपण गृहीत धरतो, हे बरे नव्हे. घरच्यांनी सल्ला जरूर द्यावा. निर्णय तिचा.

धर्मगुरूलाही हाच नियम लागू आहे. कागद घेऊन माझ्याकडे या, मी वाचून दाखवीन, शाळेचे गुरुजी किंवा सिस्टरही दाखवतील. पण सही करा किंवा करू नका असे मी सांगणार नाही. तो अधिकार मला नाही.

काय विचारावे

कागद पुढे आला की पुढील गोष्टी मोकळेपणी विचाराव्यात.

१. हा माझा उपचार आहे की संशोधन आहे? की दोन्ही?

२. मला औषध मिळेल की नुसती गोळी, हे चिठ्ठीने ठरणार आहे का? या आजारावर आजवर चालत आलेले औषध माझे बंद होणार का?

३. मला कोणता त्रास होऊ शकतो? त्रास झाला तर उपचाराचा खर्च आणि भरपाई कोण देईल?

४. मी नाही म्हटले, किंवा मधेच सोडले, तर माझे उपचार चालू राहतील ना?

५. अभ्यास संपल्यावर निकाल मला कोण सांगेल?

हे विचारणे उद्धटपणा नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे. नकार दिल्यामुळे कोणाचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. औषधचाचणीमुळे इजा झाली तर त्यावरील उपचार फुकट मिळाले पाहिजेत. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असला पाहिजे. कागद आपल्याला समजणाऱ्या भाषेत हवा. आपल्या सीमाभागात हे विशेष ध्यानात ठेवावे. कानडी किंवा इंग्रजी कागद वाचता येत नसेल तर मराठी मागावा. कागदाची एक प्रत घरी आणून कागदपत्रांच्या पेटीत ठेवावी. इस्पितळाच्या नीतिसमितीचा संपर्क त्यात दिलेला असतो. या समितीत निदान निम्मे सभासद त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात, आणि तक्रार तेथे करता येते.

शेवटी इस्पितळांनाही एक सांगावेसे वाटते. आपल्या खेड्यांतून माहिती घेऊन जाणारे पुष्कळ, पण निष्कर्ष परत आणून सांगणारे थोडे. बेळगावच्या त्या चाचणीत भाग घेतलेल्या किती बायांना ठाऊक असेल की त्यांच्यामुळे जगाच्या औषधांच्या यादीत एक ओळ वाढली? शेजाऱ्याने आपल्या बांधावर बियाणे पारखून पाहिले तर सुगीला तो सांगायला येतो, "दादा, उतारा अमुक आला." डॉक्टरांनीही तेवढे करावे. अभ्यास संपला की गावात यावे, शाळेत किंवा चर्चच्या आवारात लोकांना बसवावे आणि काय निष्पन्न झाले ते साध्या मराठीत सांगावे. ज्यांनी आपले शरीर पुढे केले त्यांचा तो हक्क आहे, आणि तो आपण मागून घेतला पाहिजे.