दिसेनासे करणारे वस्त्र



मोबाइलवर फिरणारी एक चित्रफीत आपल्यापैकी काहींनी पाहिली आहे. एक मनुष्य पातळसे कापड अंगापुढे धरतो आणि क्षणार्धात दिसेनासा होतो. मागची झाडे मात्र स्पष्ट दिसत राहतात. असे कापड खरोखरच निघाले आहे काय व ते विकत मिळते काय, अशी पृच्छा आमच्याकडे करण्यात आली आहे. उत्तर आरंभीच देऊन टाकतो. असे कापड कोणत्याही बाजारात मिळत नाही. दोन चित्रे एकमेकांत मिसळण्याच्या कारागिरीने ही करामत सहज साधते. त्यापायी कोणी आगाऊ पैसे मागितल्यास एक छदामही देऊ नये. परंतु या खोट्याच्या आडोशाला एक खरे शास्त्र उभे आहे, आणि ते जाणून घेण्याजोगे आहे.

वस्तू आपणांस दिसते कशी? प्रकाश तिच्यावर पडून आपल्या डोळ्यांकडे परततो, आणि मागचा प्रकाश ती अडविते. तेव्हा दिसेनासे व्हायचे, तर किरण परतूही नयेत आणि अडूही नयेत. ओढ्यातील धोंड्याकडे पाहा. पाणी त्याला दोन्ही अंगांनी वळसा घालते व पुढे पुन्हा एक होते. बरेच खाली उभ्या असलेल्यास वर धोंडा आहे याची वार्ताही लागत नाही. प्रकाशाला असाच वळसा घालावयास लावता आले तर? प्रकाश वळतो, हे आपणांस ठाऊकच आहे. बादलीत बुडविलेली काठी वाकडी दिसते. उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर पाणी असल्याचा भास होतो. मात्र हवा, पाणी, काच ही द्रव्ये जशी निसर्गात मिळतात, तशी या नाजूक कामाला पुरत नाहीत.

यावर तोड अशी की, गुण द्रव्यात शोधण्याऐवजी घडणीत निर्माण करावयाचा. या विचाराचा एक आरंभ आपल्याच देशात झाला, याचा आम्हांस अभिमान वाटतो. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ साली विद्युत् लहरींच्या वाटेत पिळलेल्या तागाच्या जुड्या ठेवल्या. तेव्हा लहरींच्या कंपनाची दिशा फिरली. पीळ उलटा दिला, तेव्हा ती उलट फिरली. ताग तोच होता; फरक केवळ पिळाचा.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील जॉन पेंड्री यांनी १९९० नंतरच्या दशकात हाच धागा पुढे नेला. लहरीच्या लांबीहून पुष्कळ लहान अशी तांब्याची खंडित कडी ओळीने मांडली, की लहरीला ती सुटी कडी वाटत नाहीत, एक नवेच द्रव्य वाटते. अशा घडीव द्रव्यास मेटामटेरियल म्हणतात. २००६ च्या मे महिन्यात पेंड्री यांनी डेव्हिड शूरिग व डेव्हिड स्मिथ यांच्यासह वस्तूभोवती लहरी वळविण्याचे गणित प्रसिद्ध केले. उल्फ लिओनहार्ट यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तसाच विचार मांडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात प्रयोग झाला. सुमारे ५ सेंटिमीटर रुंदीच्या तांब्याच्या नळकांड्याभोवती अशा द्रव्याची दहा कडी बसविली. लहरी वळसा घालून पलीकडे जुळल्या. छाया पुरती मिटली नाही, पण पुष्कळ फिकी झाली.

तथापि त्या लहरी डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या नव्हत्या. त्यांची लांबी साडेतीन सेंटिमीटर होती. दिसणाऱ्या प्रकाशाची लहर एका मिलीमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. त्या मापाची कडी घडविणे किती बिकट, हे सांगणे नलगे. २०११ साली कॅल्साइटच्या स्फटिकाखाली काही मिलीमीटर उंचीची वस्तू दिसत्या प्रकाशातही लपविता आली. पण ती सपाट तळावर बसविलेली होती, आणि प्रकाशही एकाच दिशेने कंप पावणारा हवा होता. आणखी एक अडचण मुळातलीच आहे. वळसा घेणाऱ्याला सरळ जाणाऱ्याच्या बरोबरीने पोहोचावयाचे, तर अधिक वेगाने धावले पाहिजे. परंतु पोकळीतील प्रकाशाच्या वेगाहून वेगाने कोणताही संदेश जाऊ शकत नाही. म्हणून ही युक्ती जेमतेम एखाद्या रंगापुरती साधते. सूर्याच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग एकदम असतात.

आणि समजा, साधलीच, तरी जो आत लपला त्याचे काय? सारा प्रकाश त्याला वळसा घालून गेला, म्हणजे त्याच्या डोळ्यांत एकही किरण शिरला नाही. आपण कोणाला दिसू नये आणि आपल्याला मात्र सर्व दिसावे, ही लबाडाची जुनी हौस या शास्त्राने पुरी होत नाही. ज्याने स्वतःला पुरते लपविले, तो त्या आवरणात आंधळाच बसणार.

या विद्येचे चांगले फळ दुसरीकडेच लागले आहे. २०१६ साली हार्वर्ड विद्यापीठात फेदेरिको कापास्सो यांच्या मंडळीने टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म खांब काचेवर उभारून, दिसत्या प्रकाशासाठी केसाहूनही पातळ थराचे सपाट भिंग घडविले. किरण वळविण्याच्या ज्या विद्येकडून वस्तू लपविण्याची आशा धरली होती, तीच आता वस्तू अधिक स्पष्ट दाखवू लागली आहे. मुलांनी त्या चित्रफितीविषयी विचारले, तर त्यांना हसून गप्प करू नये. बादलीत काठी बुडवून दाखवावी, आणि तेथून पुढे सांगत जावे.