पाणी चांगले, पण कुणासाठी?

पाण्याला आपण 'जीवन' म्हणतो; पण ते पारखावे कसे, हे सहसा कुणी शिकवत नाही. नितळ दिसले, जिभेला गोड लागले, की पाणी चांगले! मीही हेच धरून चालले होते. माझा हा समज दोन गोगलगाईंच्या जिवावर बेतला.

माझे गाव पांढरकवड्याच्या बाजूला. मागच्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीने नाल्यातून पाच गोगलगाई आणल्या. काचेच्या बरणीत, हापशीच्या पाण्यात, पालकाच्या पानावर त्या मजेत होत्या. दिवाळीनंतर माझ्या मनात आले, आपण आर.ओ.चे पाणी विकत आणून पितो, मग या मुक्या जिवांनी खारे पाणी का प्यावे? मी बरणीत विकतचे पाणी भरले. दीड महिन्यात शंखांची टोके पांढरी पडली, पापुद्रे सुटले, खड्डे पडले. दोघी मेल्या. आई म्हणाली, "चांगलं पानी देल्लं, तरी मेल्या काहून?"

हा प्रश्न घेऊन मी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे गेले. त्यांनी दोन्ही पाण्यांत रंग बदलणारा कागद बुडवला. हापशीच्या पाण्याचा सामू 8 च्या आसपास, विकतच्या पाण्याचा 6. हे मोजमाप सोरेनसन या डॅनिश शास्त्रज्ञाने 1909 साली मांडले. 7 म्हणजे ना आम्ल ना अल्क. तिथून एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. गोगलगाईचा शंख म्हणजे चुनाच. आर.ओ. यंत्र पाण्यातला बहुतेक चुना काढून टाकते आणि उरलेले पाणी किंचित आम्ल होते. असे पाणी शंख झिजवते, आणि झीज भरून काढायला पाण्यात चुनाही नसतो. माणसाला चुना अन्नातूनही मिळतो, म्हणून त्याचे निभावते. ज्या जड पाण्यात आमची डाळ शिजत नाही, तेच गोगलगाईला मानवले होते.

मग हापशीचेच पाणी प्यावे काय? मुळीच नाही! पांढरकवडा भागातल्या भूजलात फ्लोराइड आहे. एका लिटरात 1 मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. त्यापुढे लहान मुलांच्या घडत्या दातांवर डाग पडतात. पुढे हाडेही धरतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. माझ्या बहिणीच्या दातांवर तपकिरी रेघा आहेत. त्याच पाण्यात तिच्या गोगलगाई धडधाकट होत्या. म्हणजे डोळा, जीभ आणि गोगलगाय या तिघांचीही साक्ष अपुरी. पाणी मोजलेच पाहिजे.

मित्रहो, आपण कला शाखेचे, आपल्याला सामूशी काय करायचे, असे कुणी म्हणेल. पण पाणी काही शाखा विचारून पोटात जात नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावचे रस्ते झाडतो, ते चांगलेच. यंदा सोबत रंगाचे कागद आणि स्वच्छ बाटल्याही न्याव्यात. प्रत्येक हापशीचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि आलेला आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. गुरुजनांनी एवढे मनावर घ्यावे, ही विनंती.

उरलेल्या तीन गोगलगाईंना मी पुन्हा हापशीचे पाणी दिले. त्या जगल्या. बहिणीचे दात मात्र पाणी बदलूनही पहिल्यासारखे होणार नाहीत.

— बी. ए. भाग २