पोटाचें दुखणें आणि मनाचें औषध

आमच्या धाकट्या भावजयीस गेलीं बारा वर्षें पोटाची एक चमत्कारिक व्यथा आहे. कधीं चार दिवस कोठा साफ होत नाहीं, तर बहुधा सकाळच्या प्रहरीं चारपांच वेळां धांव. कळ येते, पोट फुगतें, आणि तपासणी करावी तों आंतड्यांत दोष म्हणून सांपडत नाहीं. डॉक्टर हिला आय. बी. एस. म्हणतात. कोठें लग्नकार्यास जावयाचें झालें कीं तिचा पहिला प्रश्न, “तेथें सोय जवळ आहे ना?”

गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं तिला रात्रीं निजतांना घेण्यास अमिट्रिप्टिलीनची दहा मिलिग्रॅमची गोळी दिली. पुतण्यानें माहिती वाचून “हें तर खिन्नतेवरचें औषध!” असें सर्वांदेखत सांगितलें. त्यावर, पस्तीस वर्षें मुलांस विवेक शिकविणारा मी, “आपल्या घरांत वेडाचीं औषधें कशाला?” असें बोलून गेलों. तिनें उत्तर दिलें नाहीं. गोळ्या मात्र बंद केल्या. पुढें माहेरीं भाच्याची मुंज झाली, तिलाहि ती गेली नाहीं.

तें मला लागलें. तिच्यासह मीच डॉक्टरांकडे गेलों. आंतड्यांच्या भिंतींत कोट्यवधि मज्जापेशींचें जाळें असून त्याचें मेंदूशीं अहोरात्र दळणवळण चालतें. ह्या व्यथेंत साधा वायु धरला तरी आंतडीं मोठें संकट आल्याप्रमाणें निरोप धाडितात. हें औषध तो निरोप मंद करितें व आंतड्यांची गतिहि सावकाश करितें. म्हणून जुलाबाच्या प्रकारांत तें विशेष उपयोगी, बद्धकोष्ठांत जपून द्यावयाचें. खिन्नतेसाठीं मात्रा बहुधा पाऊणशें मिलिग्रॅम किंवा अधिक. येथें दहापासून तीसपर्यंत. इंग्लंडांत कुटुंबवैद्यांकडील ४६३ रुग्णांवर ह्याचा पडताळा पाहिला. कांहींस औषध, कांहींस तशाच दिसणाऱ्या निरौषध गोळ्या. निष्कर्ष २०२३ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनीं औषध घेणाऱ्यांत आराम पडल्याचें सांगण्याचा संभव बराच अधिक आढळला. आणि चिंता वा खिन्नता यांच्या मोजमापांत मात्र फरक नव्हता! म्हणजे गुण आला तो पोटास.

वास्तविक मला हें सुचावयास हवें होतें. चरकसंहितेंत अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज व शोकज असे दोन सांगितले आहेत. उन्मादाचा अध्याय निराळा आहे. तो भेद मीं वाचला होता, घरांत मात्र विसरलों.

काचबिंदु, हृदयविकार, प्रोस्टेटची वाढ असणारांनीं तें डॉक्टरांस आधीं सांगावें. गोळी आपल्या मनानें सुरू करूं नये, एकदम सोडूंहि नये. गुण यावयास कांहीं आठवडे लागतात.

मीं क्षमा मागितली तेव्हां ती म्हणाली, “भावोजी, नांव कांहींहि असो, मला एसटींत निर्धास्त बसतां आलें पाहिजे.” आतां ती पुन्हां गोळी घेते. तोंड कोरडें पडतें, म्हणून उशाशीं तांब्या असतो. पहिले दहाबारा दिवस सकाळीं झोंप अनावर होई; तेवढे दिवस चहा मीं केला, आणि तो कोणास आवडला नाहीं. व्यथा गेलेली नाहीं, निम्म्यावर आली आहे. गेल्या महिन्यांत ती एसटीनें पंढरपुरास जाऊन आली.