'गिव्ह अप' : देणे की सोडणे?

विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना शिक्षकास कधी हसू येते, कधी खेद होतो, आणि क्वचित एकाच वाक्याने दोन्ही होतात. असे एक वाक्य काही वर्षांपूर्वी आमच्या हाती आले. शुभवर्तमानातील प्रभूच्या मरणाच्या प्रसंगाचे इंग्रजीतून मराठी भाषांतर करण्यास आम्ही नववीच्या वर्गास सांगितले होते. जुन्या इंग्रजी बायबलात तेथे 'गेव्ह अप द घोस्ट' असे शब्द आहेत. एका मुलाने लिहिले, "त्याने भूत सोडले." ते वाचून दाखविताच वर्ग खो खो हसला, आणि आम्हीही मोठ्या कष्टाने हसू आवरले. परंतु घरी गेल्यावर आमच्या मनात आले की, त्या मुलाने दोन्ही शब्द कोशात पाहिले होते आणि कोशात जे होते तेच लिहिले होते. शब्दांस इतिहास असतो, ही गोष्ट आम्ही त्यास कधी सांगितलीच नव्हती.

इंग्रजीत एखाद्या साध्या क्रियापदापुढे 'अप', 'आउट', 'ऑफ' असा एखादा लहानसा शब्द येऊन बसतो आणि मूळ अर्थ पार पालटून टाकतो. अशा जोडीस 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ ह्या ग्रंथकाराने १९२५ साली आपल्या पुस्तकात योजिले. ते त्यास हेन्री ब्रॅडली ह्या कोशकाराने सुचविले होते. नाव अलीकडचे असले तरी अडचण जुनी आहे. १७५५ साली डॉ. सॅम्युएल जॉन्सन ह्यांनी आपला प्रसिद्ध कोश छापला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी कबूल केले की, परकीयांस आमच्या भाषेत सर्वांत मोठी अडचण पडते ती येथेच. तेव्हा आमच्या मुलांस हे प्रयोग कठीण वाटले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता 'गिव्ह अप' ह्या जोडीचाच वृत्तांत पाहू. इंग्लंडच्या पूर्व भागात पीटरबरो येथील मठात एक बखर लिहिली जात असे. तिच्या शेवटच्या भागात, ११३७ सालाच्या सदराखाली, स्टीफन राजाने सॉल्झबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर व चॅन्सेलर रॉजर ह्यांस पकडून, ते आपले किल्ले 'गिव्ह अप' करीपर्यंत बंदीत ठेविले, अशी हकीकत आहे. ही नोंद ११५५ च्या सुमारास लिहिली गेली. हा प्रयोग ज्या अगदी जुन्या लेखांत सापडतो, त्यांपैकी ती एक होय. तेथे अर्थ उघड आहे. किल्ला एकाच्या हातून गेला आणि दुसऱ्याच्या हाती आला. आमच्या इतिहासातही पुरंदरच्या तहाने १६६५ साली शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांच्या स्वाधीन केले, आणि १६७० पासून ते परत घेण्यास आरंभ केला. कोणास काय दिले हे ज्यास नीट ठाऊक असते, त्यासच ते परत मागता येते.

१६११ साली इंग्रजी बायबलाचे जे भाषांतर प्रसिद्ध झाले, त्यातही हा प्रयोग ठिकठिकाणी आहे. प्रकटीकरणात समुद्र आपल्यातील मृतांस 'गिव्ह अप' करतो, म्हणजे न्यायासनापुढे स्वाधीन करतो. आणि आमच्या विद्यार्थ्याचे 'भूत' ते कोणते? त्या काळच्या इंग्रजीत 'घोस्ट' म्हणजे आत्मा अथवा प्राण. म्हणूनच पवित्र आत्म्यासही 'होली घोस्ट' म्हणत. पुढे त्या शब्दाचा अर्थ आकुंचित होऊन केवळ भूत उरले. प्रभूने आपला आत्मा वाऱ्यावर टाकिला नाही, तर तो पित्याच्या हाती दिला, असे लूककृत शुभवर्तमान सांगते. येथेही देणारा आहे आणि घेणाराही आहे.

मग 'सोडून देणे', 'प्रयत्न थांबविणे' हा अर्थ कोठून आला? जॉन्सन ह्यांनी आपल्या प्रस्तावनेत 'थांबणे' ह्या अर्थी 'गिव्ह ओव्हर' हा प्रयोग दिला आहे. आज त्या ठिकाणी बहुधा 'गिव्ह अप' हेच शब्द येतात. किल्ला देता देता माणसे हक्क, व्यसन, आशा आणि प्रयत्न हीही देऊ लागली. आणि वाक्यातून घेणारा हळूहळू नाहीसा झाला. आमच्या भाषेतही अगदी हेच घडले आहे. दान देताना हातावरून पाणी सोडण्याचा विधी आहे. त्यावरून 'हक्कावर पाणी सोडणे' हा प्रयोग निघाला. प्रथम दान घेणारा समोर बसलेला होता. आज आपण पैशावर पाणी सोडतो तेव्हा समोर कोणी नसते. 'सोडून देणे' ह्यात तर 'देणे' हे क्रियापद अजून जसेच्या तसे उभे आहे! जर्मन भाषेत 'आउफगेबेन' हे ह्याचेच भावंड आहे. त्याचा अर्थ सोडून देणे असा आहे, आणि शिक्षकाने विद्यार्थ्यास घरचा अभ्यास नेमून देणे असाही आहे.

म्हणून आमचे मत असे आहे की, अशा प्रयोगांच्या लांबच लांब याद्या मुलांकडून पाठ करून घेणे व्यर्थ होय. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी त्या विसरल्या जातात. त्याऐवजी विद्यार्थ्याने प्रत्येक वाक्यास तीन प्रश्न विचारावे : कोण देतो? काय देतो? आणि कोणास देतो? मुलगा गाडीत वृद्ध बाईस आपली जागा 'गिव्ह अप' करतो, तेथे तिन्ही उत्तरे मिळतात. चोर स्वतःस 'गिव्ह अप' करतो, तेथे घेणारे पोलीस आहेत. एखादा गृहस्थ तंबाखू 'गिव्ह अप' करतो, तेथे घेणारा दिसत नाही खरा. परंतु त्याचे वाचलेले पैसे व आरोग्य त्याच्या मुलाबाळांस मिळते. मात्र विद्यार्थी 'आय गिव्ह अप' म्हणून पुस्तक मिटतो, तेव्हा तिसऱ्या प्रश्नास उत्तर नाही. त्याने जे टाकिले, ते कोणासही मिळाले नाही.

येथे आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ज्याने 'भूत सोडले' असे लिहिले, तो मुलगा सहामाही परीक्षेत इंग्रजीत नापास झाला. त्याचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागण्यास आले. ते आम्हांस म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा, ह्याच्यात काही होण्यासारखे आहे का?" त्या वेळी आमच्यापुढे तपासावयाच्या वह्यांचा ढीग होता. आम्ही काहीच बोललो नाही. वडिलांनी आमच्या मौनाचा जो अर्थ घ्यावयाचा तो घेतला, आणि मुलगा दाखला घेऊन गेला. माणसाविषयीची आशा सोडणे ह्या अर्थीही इंग्रजीत 'गिव्ह अप' म्हणतात. तो अर्थ आम्ही मुलांस फळ्यावर शिकविला होता. त्या दिवशी आम्ही तो करून दाखविला. कोशात पाहून प्रामाणिकपणे भाषांतर करणारा मुलगा मंद नसतो, हे त्याच्या वडिलांस सांगावयास आम्हांस एक मिनिट पुरे झाले असते.

पालकांस आमची नम्र विनंती आहे की, मुलाचे अथवा मुलीचे शिक्षण बंद करण्याचा विचार मनात येईल तेव्हा आमच्याकडे अवश्य या, आणि आम्ही गप्प राहिलो तर उत्तर मिळेपर्यंत उठू नका. मुलीच्या बाबतीत तर हे अधिकच अगत्याचे आहे. कारण तिचे शिक्षण थांबविताना पुष्कळदा कोणास काही विचारण्याचीही गरज वाटत नाही. आणि आमच्या प्रिय विद्यार्थ्यांस सांगणे एवढेच की, आळस, खोटेपणा, दुसऱ्याचे उणे पाहण्याची सवय, ही खुशाल सोडून द्या. आपली जागा, आपला वेळ, आपली भाकरी ज्यास हवी त्यास द्या. परंतु धडा कठीण आहे म्हणून पुस्तक मिटण्यापूर्वी तो तिसरा प्रश्न स्वतःस एकदा विचारून पाहा. उत्तर न मिळाले तर पुस्तक पुन्हा उघडा आणि आमच्याकडे घेऊन या. ह्या वेळी आम्ही गप्प राहणार नाही.