बोलणं गरम की नरम?



निवडणूक आली की पाड्यावर एकच वाद रंगतो. तरुण पोरं म्हणतात, कडक बोलल्याशिवाय मत मिळत नाही. म्हातारी माणसं म्हणतात, तोंड सांभाळा, सगळ्यांची मतं लागतात. आम्ही दोघांचंही ऐकलं. आम्हाला जे वाटतं ते सांगतो.

२०२४ चा नोव्हेंबर आठवा. महाराष्ट्र आणि झारखंड, दोन्हीकडचे निकाल २३ तारखेलाच लागले. ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा दोन्हीकडे दिली गेली. झारखंडात तर घुसखोर आदिवासींच्या जमिनी आणि लेकी पळवताहेत, असा प्रचार झाला. इथे महायुतीने २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. तिथे आदिवासींच्या २८ राखीव जागांपैकी भाजपला एकच मिळाली. घोषणा तीच, निकाल उलटा. सारखं काय होतं? दोन्हीकडे आधीचंच सरकार परत आलं, आणि दोन्ही सरकारांनी बायांच्या खात्यात दरमहा पैसे टाकले होते. तेवढ्यानेच जिंकले असं आम्ही म्हणत नाही. पण नुसत्या गरम भाषणाने निवडणूक जिंकता येत नाही, हे दिसलं.

आपलं नुकसान मात्र त्याने नक्की होतं. वनहक्काच्या ग्रामसभेला गावातली निम्मी माणसं हजर लागतात. देव वेगळा म्हणून भाऊ भावाच्या अंगणात जाईना, तर कोरम कसा भरणार? दावा कोण मंजूर करणार?

मग गोड बोलत बसायचं? तेही नाही. बोलता बोलता मागणीच मवाळ झाली, तर कसतो चार एकर आणि पट्टा मिळतो चार गुंठ्यांचा, हेच चालू राहील.

मार्च २०१८ चा नाशिक-मुंबई मोर्चा बघा. मागणी कडक होती: कसत्या जमिनी नावावर करा. पण दहावीच्या पोरांची परीक्षा होती, म्हणून पायाला फोड आलेली माणसं रात्रीच चालत आझाद मैदानात पोचली. मुंबईकरांनी पाणी आणलं, चपला आणल्या. सरकारला लेखी द्यावं लागलं. ते पुरतं पाळलं नाही, म्हणून २०२३ ला पुन्हा निघावं लागलं. तेव्हाही मागणी सोडली नाही.

तर उमेदवार पाड्यावर आला की शिवी नको, हारही नको. दाव्यांची यादी पुढे ठेवा आणि विचारा: यातले किती पट्टे, किती एकराचे, कधी देणार? जो उत्तर द्यायचं सोडून शेजाऱ्याच्या देवाबद्दल बोलू लागेल, त्याला ओळखून ठेवा.

जिंदाबाद!