आधी नदी, मग बाग

पुण्याच्या नद्यांचे काठ सार्वजनिक पैशाने सुशोभित व्हावयाचे आहेत, हे ऐकून कोणाही नागरिकास आनंदच व्हावा. मुलांस धावावयास मोकळी जागा नाही, वृद्धांस बसावयास सावली नाही. अशा स्थितीत मुळा, मुठा व मुळामुठा यांच्या ४४ किलोमीटरांच्या तीरावर उपवने निर्माण करण्याचा संकल्प वाईट आहे, असे म्हणण्याचा अरसिकपणा आम्ही करणार नाही. आमचा आक्षेप बागेस नाही. बागेच्या नावाखाली नदीचे जे होऊ घातले आहे, त्यास आहे.

पहिला प्रश्न क्रमाचा. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले, तेव्हापासून मुठेचे पाणी वरच्यावर अडते. शहर ते पिते, वापरते आणि मैला करून पात्रात परत सोडते. पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर आपण जिला नदी म्हणतो ती बहुतांशी आपल्याच सांडपाण्याची धार होय. ते शुद्ध करण्याची सुमारे ९९० कोटी रुपयांची योजना २०१६ साली मंजूर झाली. तिची कोनशिला बसली ६ मार्च २०२२ रोजी. तोवर खर्चाचा आकडा १४७० कोटींवर गेला होता. आणि त्याच दिवशी, त्याच समारंभात, काठाच्या शृंगाराचीही कोनशिला बसली! रोग्यास औषध मिळण्यापूर्वीच शिंप्याने त्याच्या अंगाचे माप घ्यावे, त्यातला हा प्रकार. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? अशुद्ध पाणी बंधारा घालून तुंबविले, तर काठावर फिरावयास येणाऱ्यांस गारवा नव्हे, दुर्गंधी आणि डासच लाभतील.

दुसरा प्रश्न नमुन्याचा. योजनेचे कैवारी अहमदाबादच्या साबरमतीकडे बोट दाखवितात. तेथील काठ प्रेक्षणीय झाला आहे, हे मान्य. परंतु तेथील पात्र वर्षातील बहुतेक काळ कोरडे असे व आज ते नर्मदेच्या कालव्याच्या पाण्याने भरलेले दिसते. पुण्यास उसनी नर्मदा नाही. येथे सह्याद्रीचा पाऊस आहे, मुठेच्या खोऱ्यात चार धरणे आहेत आणि शहराच्या मध्यावर दोन नद्यांचा संगम आहे. एकीचे वस्त्र दुसरीच्या अंगावर चढविण्यापूर्वी निदान अंगकाठी तरी पाहावयास नको काय?

यावर उत्तर असे मिळते की, बांधलेले काठ पुरापासून रक्षणच करतील. भिंतीमागच्या घरांपुरते ते कदाचित खरेही ठरेल. पण भिंतीने पाणी नाहीसे होत नाही. नदीची पसरावयाची जागा हिरावली, म्हणजे तेच पाणी उंची वाढवून किंवा अन्यत्र वाट काढून आपला हक्क वसूल करते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा नदीने आपली जुनी हद्द शहरास दाखविली. तो अपघात होता असे म्हणावे, तर जुलै २०२४ मध्ये एकही धरण न फुटता सिंहगड रस्त्याच्या वस्त्यांत पाणी शिरले. काठची जमीन ओसाड नसते. ती पावसाळ्यापुरती नदीची खोली असते. आठ महिने रिकामी दिसते म्हणून तीत भाडेकरू ठेवावयाचा नसतो.

मग बाग नकोच काय? अवश्य हवी, पण बुडावयास तयार असलेली हवी. आपल्या पूर्वजांनी घाट बांधले ते पायऱ्यांचे. पाणी चढले की माणूस दोन पायऱ्या मागे सरे, उतरले की पुन्हा खाली येई. त्या रचनेत नदीशी भांडण नव्हते, शेजार होता. मातीचा उतार, वाळुंज, उंबर, करंज यांची जुनी झाडे, साधी पायवाट आणि निर्मळ वाहते पाणी, एवढ्यावर उत्तम उद्यान होते. त्यास खर्च थोडा लागतो, म्हणूनच की काय, ते कोणाच्या नजरेत भरत नाही.

हा पैसा घरोघरच्या कराचा आहे. तेव्हा प्रत्येक करदात्याने एवढेच विचारावे: या पाण्यात माझे मूल पाय बुडवू शकेल काय? जोवर याचे उत्तर 'नाही' असे आहे, तोवर दगडी कठड्यांवर दिवे लावणे म्हणजे नदीचा गौरव नव्हे, तिच्या विटंबनेवर केलेली रोषणाई होय.